सायीइतकं पातळ

पसरट ताटातल्या पाण्यावर बाईंनी मिरपूड भुरभुरवली होती, साबण लावलेलं बोट अजून हवेतच होतं, आणि पाणी आपलं आपण हललं. मिरपुडीचे ठिपके बारीक गोल रेघांत थरथरले. बोट टेकल्याबरोबर मिरपूड काठाकडे कशी पळते, हे वरच्या वर्गांतून ऐकून आलेल्या मुलांना वाटलं, यंदा बाई बोट न लावताच पळवणार. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुमची पर्स थरथरतेय." पर्स ताटाला टेकूनच होती. बाई वर्गात फोन घेत नसत. त्यांच्या तासाला कुणाचा फोन वाजला तर तो तास संपेपर्यंत टेबलावर पालथा पडायचा आणि मालकाला बाहेरचा व्हरांडा दिसायचा. पण पर्सच्या उघड्या तोंडातून जावयाचं नाव चमकताना दिसलं. जावई फोन करणाऱ्यातला नव्हता. तो निरोप लिहायचा, तेही पूर्णविराम देऊन. बाईंनी डाव्या हातानं फोन कानाला लावला. उजवं बोट तसंच वर, साबणासकट.

"आई, बाळ आलं," जावई म्हणाला. "मुलगी आहे. लवकर आली. ही बरी आहे, पण बाळाला श्वास जमत नाहीये नीट. तुम्ही येता का?"

"येते," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी जे केलं त्याचं पुढे त्यांनाच नवल वाटत राहिलं. त्या ताटाकडे वळल्या आणि बोट पाण्याला टेकवलं. मिरपूड एका झटक्यात काठाला पळाली, मधे लख्ख पाणी उरलं. "पृष्ठताण कमी झाला," त्या म्हणाल्या, "उरलेलं उद्या." मग पर्स काखेत मारून ज्या निघाल्या त्या जिन्याच्या मधल्या वळणावर येईपर्यंत त्यांना कळलंच नाही की खडू अजून मुठीत आहे.

कॉलेजात त्यांना चरबीबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण बसलं ते कायमचं, कारण स्निग्ध पदार्थांचं प्रकरण त्यांच्याकडे होतं आणि बाईंच्या अंगावर चरबी म्हणून औषधाला नव्हती. वाऱ्याच्या दिवसात त्या छत्री उघडत नसत, उगाच धोका कशाला, असं त्यांचे यजमान म्हणायचे. यजमान गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण विनोद त्यांचे अजून घरात चालत होते. नावाचं बाईंना काही वाटत नसे. उलट चरबीची बाजू घेणारं जगात आपल्याशिवाय आहे कोण, असं त्यांना वाटे. बिचारीला सगळेच शिव्या देतात. माजला की चरबी चढली, जाड झाला की चरबी वाढली. पण पेशीच्या भोवती जी भिंत असते ती हिचीच. एका अंगानं पाण्याची ओढ आणि दुसऱ्या अंगानं पाण्याचं वावडं असलेले हे रेणू पाण्यात सोडले की कुणी न सांगता दोन रांगा करतात, डोकी बाहेर, शेपट्या आत, आणि आत-बाहेर हा फरक जगात पहिल्यांदा तयार होतो. हे वाक्य बोलताना बाईंचा आवाज दरवर्षी थोडा चढायचा. मागच्या बाकावर कुणीतरी जांभई देऊन तो खाली आणायचं.

टॅक्सीत बसल्यावर खिडकीतून दुकानं, पूल, सिग्नलला थांबलेली माणसं नेहमीसारखीच सरकत होती आणि बाईंना त्या नेहमीसारखेपणाचा राग आला. ड्रायव्हर कुणाशी तरी कानातल्या तारेतून पडद्याच्या मापाबद्दल बोलत होता. श्वास जमत नाहीये. जमत नाहीये म्हणजे काय, पोहणं आहे का ते, न जमायला? आणि लगेच त्यांना कळलं की हे काय आहे ते आपल्याला अगदी नेमकं माहीत आहे. प्रकरणाच्या शेवटी, स्वाध्यायाच्या आधी, फुफ्फुसांवर एक परिच्छेद होता. परीक्षेला तो यायचा नाही आणि त्या पानापर्यंत पोचेस्तोवर घंटा व्हायची, म्हणून बाई दारात उभ्या राहून तो एका दमात सांगून टाकायच्या. आता तो शब्दन् शब्द समोर उभा राहिला. फुफ्फुसात लाखो इवले फुगे असतात. त्यांना आतून पाण्याचा ओलावा असतो, आणि पाण्याला आवळून घ्यायची खोड असते. फुगा जितका लहान तितका तो जोरानं आवळला जातो. म्हणून त्या ओलाव्यावर एका स्निग्ध द्रव्याचा थर असतो, सायीइतकाही जाड नाही, त्याच्याहून कितीतरी पातळ, आणि तो पाण्याची मूठ सैल करतो. हा थर बाळाच्या फुफ्फुसात पोटातल्या शेवटच्या दिवसांत तयार होतो. शेवटच्या.

लहानपणी मोरीत कपडे धुताना आई जो फेस करायची त्यातून त्या नळीनं फुगे काढायच्या. साबण वाया जातो म्हणून आई ओरडायची, पण ओरडता ओरडता फुगा कुठवर जातो ते बघायची. एकदा त्यांनी एकाच नळीच्या दोन टोकांना दोन फुगे धरले होते, एक मोठा, एक लहान. वाटलं होतं, मोठ्यातली हवा लहानात जाईल आणि दोघं सारखे होतील, भावंडांत खाऊ वाटतात तसे. झालं उलटंच. लहान फुगा आणखी लहान होत गेला, आणि शेवटी सगळाच मोठ्याच्या पोटात रिकामा झाला. "असंच असतं," आई पिळा झटकत म्हणाली होती, पण मुलीला ते असंच का असतं हे हवं होतं, आणि त्या 'का'पासून ती शिकत गेली, शिकत गेली, पार शिकवायला लागली. आता टॅक्सीच्या मागच्या सीटवर, गुडघ्यांवर पर्स घट्ट धरून, बाईंना तो लहान फुगा दिसायला लागला. तो दिसू नये म्हणून त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "पडदे कुठल्या रंगाचे घेताय?" तो दचकला. मग म्हणाला, "बायको म्हणते पिवळे." "पिवळेच घ्या," बाई म्हणाल्या, इतक्या ठामपणे की त्यानं आरशात बघून मान डोलावली.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर बाकावर विहीण बसल्या होत्या. विहिणींची बेकरी होती, नवराबायको दोघं चालवत. व्याही भट्टी विझवून मागून येणार होते. विहीण मात्र हातातलं काम टाकून तशाच आल्या होत्या, कोपरापर्यंत पीठ आणि कपाळावरही पिठाचं एक बोट. बाई त्यांच्याशेजारी बसल्या, मधे एका माणसाची जागा सोडून. ती जागा लग्न ठरल्यापासूनची होती. मुलाकडचे म्हणून भेटायला आले तेव्हा विहिणींनी मोठ्या हौसेनं स्वतःच्या हातची लोण्याची बिस्किटं आणली होती, आणि बाईंनी, काही वाईट मनात नसताना, हाताला सवयच ती, एक बिस्किट कागदावर घासलं, कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "बघा, कसा आरपार डाग पडला. भरपूर आहे." स्निग्ध पदार्थ ओळखायची ती सगळ्यात सोपी चाचणी. बाईंना ती दाद वाटली होती. विहिणींनी डबा झाकला तो झाकलाच. तेव्हापासून सगळं गोड बोलणं होतं, सणावाराला फोन होते, पण बिस्किट काही बाईंच्या घरी पुन्हा आलं नाही, आणि आपलं चुकलं काय हे बाईंना लेकीनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं. कळल्यावरही, डाग तर पडला होताच की, असं त्या म्हणाल्या होत्या.

बाळांचे डॉक्टर आले. तरुण होते, झोप कमी झालेले, पण बोलणं स्वच्छ. बाळाची फुफ्फुसं अजून तयार नाहीत. नळीवाटे एक औषध थेट आत सोडलंय. ते साबणासारखं काम करतं. पुढचे काही तास बघायचं. बाईंच्या जिभेवर आलं होतं, साबणासारखं नव्हे, साबणानं पेशी फाटतील, हे पेशीच्या भिंतीत असतं तसलं फॉस्फोलिपिड आहे. त्यांनी ओठ मिटून घेतले. डॉक्टर गेल्यावर जावई लेकीकडे गेला, आणि विहीण पहिल्यांदाच बाईंकडे तोंड करून बसल्या.

"तुम्ही हेच शिकवता ना? मला काही कळलं नाही. बाळाच्या छातीत साबण कशाला घालतायत?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली. पृष्ठताण, वायुकोश, रेणूचं डोकं, रेणूच्या शेपट्या. आवाज त्यांचा होता, पण कुणीतरी दुसरंच वाचून दाखवतंय असा लांबून येत होता. विहिणींनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"हे नको. पिठाच्या बाईला कळेल असं सांगा."

बाई थांबल्या. आयुष्यात त्यांनी धडा असा मधे सोडला नव्हता, आणि आज दुसऱ्यांदा सोडत होत्या. त्यांनी विहिणींच्या हाताकडे बघितलं.

"पाव भाजायच्या साच्याला तुम्ही आतून लोणी का लावता?"

"चिकटू नये म्हणून."

"तेच," बाई म्हणाल्या. "बाळाच्या छातीत बारीक फुगे आहेत. श्वास सोडला की त्यांच्या ओल्या भिंती एकमेकींना चिकटतात. मग प्रत्येक श्वासाला ते नव्यानं सोडवावे लागतात. केवढी ताकद लागत असेल, एवढ्याशा जिवाला. आपल्याला ते लोणी आतच असतं. तिचं अजून झालेलं नव्हतं. म्हणून ते बाहेरून लावलंय."

परीक्षेत कुणी असं लिहिलं असतं तर बाईंनी अर्धा गुण दिला असता, तोही अक्षराचा. पण विहीण शांत झाल्या. डोळ्यांसमोर काहीतरी ओळखीचं आलं की माणूस शांत होतो. त्यांनी कोपरावरचं थोडं पीठ खरवडलं. मग म्हणाल्या, "कुठलं असतं ते? आणतात कुठून?"

"जनावरांच्या फुफ्फुसातून काढतात. धुऊन, गाळून."

"म्हणजे शेवटी लोण्यानंच तारलं तर," विहीण म्हणाल्या. आणि जराशानं, समोरच्या भिंतीकडे बघत, "कागदावर घासून बघितलं का कुणी? डाग पडतो का?"

बाईंना कळायला एक क्षण गेला. मग त्यांना हसू आलं, नको त्या जागी येतं तसं, नाकातून, आवरता न येणारं. विहीणही हसायला लागल्या. दोघी एकमेकींचा हात धरून, तोंडावर पदराची-ओढणीची घडी दाबून हसत राहिल्या, पीठ बाईंच्या मनगटाला लागलं, आणि दारातून नर्सनं डोकं काढून "अहो, इथं लहान बाळं आहेत," म्हटल्यावर त्या एकदम गप्प झाल्या. गप्प झाल्यावर त्यांना फार लाज वाटली. आत ती एवढीशी झगडतेय आणि आपण बाहेर खिदळतोय. पण मधली ती एका माणसाची जागा आता उरली नव्हती, आणि कुणीही परत सरकून बसलं नाही.

काचेतून बाळ दाखवलं तेव्हा बाईंना आधी नळ्याच दिसल्या. मग नळ्यांच्या मधे एक मूठभर काहीतरी. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा कुणी पेन्सिलीनं काढल्यासारख्या. बाळाच्या अंगावर जन्मताना जो पांढरा चिकट लेप असतो तो पुरता आलेला नव्हता, कातडीखाली जी भुरी चरबी न थरथरता ऊब देते तीही नव्हती, म्हणून वरून दिव्याची ऊब सोडली होती. सगळं उसनं. बाई एकेक मोजत गेल्या, काय काय नाही ते. छाती श्वासाला आत ओढली जात होती, फासळ्यांच्या मधे खड्डे पडत होते. त्या खड्ड्यांकडे बघताना त्यांचा स्वतःचा श्वास अडला. इतकी वर्षं फळ्यावर त्यांनी हा थर खडूनं काढला होता, गोल डोकं, दोन शेपट्या, गोल डोकं, दोन शेपट्या, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मुलं तो वहीत उतरवून घेत. तो एका माणसाच्या आत पोचला की नाही यावर काही अवलंबून असू शकतं, हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असणं आणि काचेला नाक लावून उभं असणं यात केवढं तरी अंतर निघालं. पोचला असेल का तो सगळ्या फुग्यांत? डाव्या बाजूला? अगदी खालच्या टोकाला? पसरतो तो, बाईंनी स्वतःला सांगितलं. पसरायचा त्याचा स्वभावच आहे. त्याला कुणी ढकलावं लागत नाही.

शेजारी विहीण काचेवर बोट टेकवून म्हणाल्या, "दुधापेक्षा दुधावरच्या सायीला जपावं म्हणतात ते काय उगाच?" बाईंच्या डोक्यात ताबडतोब आलं, साय म्हणजे स्निग्धांशच, वर तरंगतो तो हलका म्हणून. त्या दिवशी दुसऱ्यांदा त्यांनी अशी एक गोष्ट माहीत असून सांगितली नाही.

लेक खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, केस कपाळाला चिकटलेले. बाईंना ती लहानपणी तापात दिसायची तशी दिसली. तेव्हाही ती असंच बघायची, आईला सगळं माहीत असतं अशा नजरेनं, आणि मोठी झाल्यावर त्याच गोष्टीचा तिला वैताग यायचा. "आई, तुझ्याकडे प्रत्येकाचं स्पष्टीकरण असतं, कधी नुसतं अरेरे म्हण की," असं ती एकदा म्हणाली होती. बाबा गेले तेव्हाच्या दिवसांत. बाई तेव्हा हृदयाच्या झडपांबद्दल बोलत होत्या, कारण बोलायचं थांबल्या असत्या तर काय झालं असतं ते त्यांना बघायचं नव्हतं.

"तू बघितलंस तिला?" लेकीनं विचारलं.

"बघितलं."

"तू शिकवतेस हे. मला खोटं सांगू नकोस. जगेल ना ती?"

जावई खिडकीपाशी होता, त्यानं मान फिरवली नाही, पण त्याची पाठ ऐकत होती. बाई लेकीच्या पायाशी बसल्या. तिचे तळवे गार होते. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतले.

"औषध काय करतं ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ते चांगलं औषध आहे. ती काय करेल ते मला माहीत नाही गं. मला खूप भीती वाटतेय."

लेकीनं पाय सोडवून घेतले नाहीत, उलट थोडे पुढे केले.

"तुलाही?" ती म्हणाली.

"मला तर पार टॅक्सीपासून. मी ड्रायव्हरच्या घरचे पडदे ठरवून आले."

लेकीला हसताना दुखलं, तिनं पोट धरलं, "आई, हसवू नकोस," म्हणाली, आणि हसता हसता रडली, आणि बाईंनी काहीही समजावून सांगितलं नाही. नुसतं अरेरे म्हणाल्या. अरेरे, अरेरे, माझी बाय ती. आपल्या तोंडून हा शब्द किती सोपा निघाला याचं त्यांना आश्चर्य वाटलं. खिडकीपाशी जावयानं नाक शिंकरलं.

संध्याकाळी डॉक्टर परत आले आणि म्हणाले, प्राणवायू कमी करता आला. थोडा. मग आणखी थोडा. थोडा या शब्दाला एवढं वजन असू शकतं हे बाईंना ठाऊक नव्हतं. व्याही येताना पावांची पिशवी घेऊन आले, सगळ्या मजल्यावर भाजक्या पिठाचा वास सुटला, नर्सनं आधी नियम सांगितला आणि मग एक पाव घेतला. बाईंनी दोन खाल्ले. विहीण बघत होत्या, त्यांनी न विचारता तिसऱ्यावर लोणी लावून पुढे केलं, आणि बाईंनी तो वर्तमानपत्रावर न ठेवता सरळ तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी कळवून त्या सकाळीच आल्या. काचेपाशी उभं राहायची आता सवय झाली होती, तिथल्या फरशीवर एक तडा आहे हेही माहीत झालं होतं. फासळ्यांमधले खड्डे उथळ दिसत होते. आपल्याला तसं वाटतंय की तसं आहे, हे ठरवायला त्यांनी विहिणींना विचारलं. विहिणींनी डोळे बारीक करून, पाव फुगला का बघतात तसं बघितलं आणि म्हणाल्या, "कालच्यापेक्षा हलकं आहे." दुपारी घशातली नळी काढली. पडदा ओढून काढली, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. सगळे पडद्याच्या अलीकडे उभे होते: जावई, व्याही, विहीण, बाई, आणि चाकाच्या खुर्चीत लेक, तिनं चादरीचा कोपरा मुठीत धरला होता. पडद्यामागे डॉक्टरांच्या चपला इकडून तिकडे झाल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग एक आवाज आला, रडणं म्हणावं इतका मोठा नव्हता, मांजरीच्या पिल्लाच्या आवाजासारखा, किरकिरा, नाराज. नळी होती तोवर आवाज नव्हताच. हा तिचा पहिला. लेकीनं डोळे मिटून घेतले होते, पुन्हा यायची वाट बघत. तो पुन्हा आला.

पडदा सरकवून डॉक्टरांनी लेकीची खुर्ची आत घेतली. बाकीच्यांना काच होती. बाळ आता उघड्या तोंडाचं दिसत होतं, तोंड एवढंसं, बोराएवढं. लेकीनं बाळाच्या पेटीत हात घातला आणि बोटाच्या टोकानं त्या गालाला स्पर्श केला. बाळानं तिच्याकडे बघितलं नाही. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, मान किंचित वळवली आणि एक प्रचंड जांभई दिली. एवढ्याशा जिवात इतकी मोठी जांभई मावली कशी कोण जाणे. तोंड उघडत गेलं, उघडत गेलं, हनुवटी थरथरली, छाती वरपर्यंत भरून आली आणि हळूच, कुठेही न अडखळता, खाली बसली.

आधी विहिणींना जांभई आली. मग व्याह्यांना, मोठ्या आवाजात, तोंडापुढे हात न धरता. जावयानं दाबायचा प्रयत्न केला आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले. नर्स पलीकडच्या पेटीपाशी काहीतरी लिहीत होती, तिनं वर बघितलं आणि तिलाही आवरलं नाही. बाईंनी काचेवर कपाळ टेकवलं आणि तोंड उघडून, छातीच्या अगदी तळापर्यंत, हवा आत घेतली.